सहा दहाला सुटणारी बाई

मी तिला अकरा वेळा नाही म्हटलं. त्यातलं एकदाही स्वतःच्या मनानं म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तसं सांगितल्यानं माझ्या वाट्याचं काही कमी होत नाही, हेही मला ठाऊक आहे.

वाहतूक परवाना कार्यालयाच्या तळमजल्यावर ओळीनं पाच खिडक्या होत्या, त्यातली तिसरी माझी. काचेला खाली अर्धगोल भोक. त्यातून अर्ज आत यायचा आणि नकार बाहेर जायचा. नकाराचं वाक्य ठरलेलं होतं, आणि ते इतक्यांदा लिहावं लागायचं की माझ्या आधीच्या कारकुनानं त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता: 'सदर मार्गावर प्रवासी सेवा पुरेशी आहे.' माझ्या डाव्या हाताला रस्त्याकडची मोठी खिडकी होती. तिच्यातून समोरचा बस स्टँड दिसायचा. तिथली रांग पत्र्याखालून निघून औषधाच्या दुकानाला वळसा घालून जायची. आलेल्या मिनीबसच्या दारात माणसं लटकलेली असायची. ते बघत बघत मी शिक्का मारायचो आणि पुढच्याला बोलवायचो.

शहरात मिनीबसचे परवाने चाळीस. चाळीसच का, हे कार्यालयात कोणालाच सांगता यायचं नाही. परवाना बापाकडून मुलाकडे जायचा, मुलगा नसेल तर जावयाकडे. चाळिसातल्या निम्म्या मालकांना क्लच कुठल्या पायाखाली असतो तेही माहीत नव्हतं. ते परवाना दुसऱ्याला चालवायला देत आणि घरी पाय पसरून बसत. जिला मी अकरा वेळा नाही म्हटलं, त्या हिचे वडील अशाच एका मालकाची गाडी चालवायचे. ही चौदा वर्षांची असल्यापासून त्यांच्या गाडीत तिकिटं फाडायची. पुढे वडिलांचे गुडघे गेले तेव्हा ही त्यांच्या जागी बसली. मालकानं हरकत घेतली नाही, कारण गाडी तशीच वेळेवर धावत होती आणि ही त्यांच्यापेक्षा कमी पगारात राबत होती.

तिला स्वतःची गाडी हवी होती. बाकी काही मागणं नव्हतं. पण नव्या परवान्याच्या अर्जाला एक कागद जोडावा लागायचा: सध्याच्या परवानाधारकांची हरकत नसल्याचं पत्र. म्हणजे ज्यांच्या ताटातला घास जाणार, त्यांच्याकडूनच 'घे बाई, खा' असं लिहून आणायचं. ती दरवर्षी ते पत्र मागायला चाळीस दारं फिरायची आणि दरवर्षी हात हलवत परत यायची. तरी अर्ज करायची. पत्राच्या जागी एक कोरा कागद जोडायची आणि त्यावर लिहायची, 'मागितले, दिले नाही.' कार्यालयात तिला सगळे अर्जवाली म्हणायचे.

सातव्या वर्षी मी शिक्का उचलला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मारायच्या आधी एकदा डावीकडे बघा."

मी बघितलं. साठेक माणसं उभी होती. एक म्हातारा मिनीबसच्या पायरीवर एक पाय ठेवून, दुसरा हवेत ठेवून निघाला होता.

"बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं आणि शिक्का मारला.

ती भांडली नाही. कागदाची नीट घडी घातली, पिशवीत टाकली. "पुढच्या वर्षी येते," म्हणाली. त्या वर्षी मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी लागलं.

परवान्याला चौदा अटी होत्या आणि तिला त्या तोंडपाठ होत्या. त्यातल्या चौदाव्या अटीवर तिचा विशेष राग. 'प्रवासी कितीही असोत, वाहन ठरलेल्या वेळी सुटलेच पाहिजे.' तिच्या मार्गावरची पहिली गाडी सकाळी सहा दहाला वरच्या वस्तीवरून खाली सुटायची. त्यासाठी रिकामी गाडी चढावर न्यायची आणि पाच-सहा माणसं घेऊन उतरायचं. "ज्यानं ही अट लिहिली त्याला एकदा पहाटे माझ्या शेजारी बसवा," ती म्हणायची. "नुसता धूर काढायची अट आहे ही. बंधनं सुटतील तेव्हा ही अटसुद्धा सुटू दे."

त्या पाच-सहा माणसांत माझी ताई होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. शाळेत भूमिती शिकवायची आणि घरीही तशीच सरळ रेषेत बोलायची. तिची किडनी निकामी झाल्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस चालू होतं. सातला मशीनवर झोपलं तर चार तास पूर्ण व्हायचे. अकराला पुढचा पेशंट यायचा आणि त्याची वेळ कोणी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नव्हतं. उशिरा गेलं की तेवढं रक्त कमी साफ व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ताईचे पाय सुजायचे. आम्ही वरच्या वस्तीवर राहायचो. इतक्या सकाळी टॅक्सीवाले वर यायला नाक मुरडायचे. सहा दहाची गाडी हेच आमचं साधन.

मग वरून आदेश आला. नाव: 'प्रवासी वाहतूक विनियंत्रण आदेश.' आमच्या सूचनाफलकावर मी स्वतः तो लावला आणि तासाभरात स्टँडवर दोन तट पडले. एक गट म्हणाला, वि म्हणजे विना, आता नियंत्रण नाही. दुसरा म्हणाला, वि म्हणजे विशेष, आता जास्तच आवळणार. त्यातल्या तिघांनी धास्तीनं गाड्या घरी नेऊन उभ्या केल्या. शेवटी निवाड्यासाठी सगळे माझ्या खिडकीवर आले. मी सांगितलं, विना. सांगताना माझीच पंचाईत झाली, कारण मागच्या कपाटात 'विनियमन' नावाच्या बारा फायली होत्या आणि त्या सगळ्या नियम घालण्याच्या होत्या. एकच वि, तिकडे घालायचा आणि इकडे काढायचा. सरकारी भाषा मी बत्तीस वर्षं लिहितोय, तिचा थांग मला अजून लागलेला नाही.

आदेश तसा सरळ होता. परवान्यांची संख्या रद्द. हरकत नसल्याचं पत्र रद्द. ठरलेलं भाडं रद्द. वेळापत्रक रद्द. ब्रेक, टायर, विमा आणि चालकाचं लायसन्स एवढंच तपासायचं. बाकीचं, आमचे नवे साहेब म्हणाले, बाजार ठरवेल. साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. गर्दी, ओळखी, चाळीस घरांची मक्तेदारी, हे सगळं त्यांना मनापासून मोडायचं होतं. मी घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बाजार सकाळी किती वाजता उठतो?"

बाराव्या वर्षी अर्जवाली खिडकीशी आली.

"काय काय जोडायचं?"

"काही नाही. नाव लिहा आणि गाडी तपासून घ्या."

"हरकत नसल्याचं पत्र?"

"नाही लागत."

"अकरा वर्षं लागत होतं."

"हो."

"मग तेव्हा कशाला लागत होतं?"

मी शाईचा डबा बंद केला, पुन्हा उघडला. तिनं अर्ज भरायला घेतला. अक्षर ठसठशीत होतं, सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं.

तिची गाडी जुनी शाळेची बस होती. पिवळ्यावर निळा रंग दिलेला, दाराच्या बिजागरीपाशी अजून पिवळं दिसायचं. तिच्यासारख्या आणखी तिसेक जणांनी गाड्या काढल्या. पहिले दोन महिने शहराला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायलाच हवं. माझ्या डावीकडची रांग आटली. दर तीन मिनिटांनी गाडी, भाडं उतरलं, म्हातारी माणसं बसून जायला लागली. जन्मभर दुसऱ्याची गाडी हाकणारे मालक झाले. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, हे वीस वर्षांपूर्वी झालं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

बिघडलं ते वर. गाड्या जिथे माणसं तिथे, म्हणजे स्टँड ते मंडई. चढावर कोण कशाला येईल? आदेशाच्या पहिल्याच आठवड्यात सहा दहाची गाडी बंद झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या चौदा अटी फायलीच्या एकाच टॅगला, एकाच दोरीला ओवलेल्या होत्या. काही अटी लोकांना बाहेर ठेवायला लिहिलेल्या, काही लोकांना दिलेला शब्द पाळायला लिहिलेल्या. काढणाऱ्यानं टॅग ओढला आणि सगळ्या एकदम सुटल्या. बत्तीस वर्षं ती फाइल हाताळून मीही त्या कधी वेगळ्या केल्या नव्हत्या.

मी ताईला धरून दीड किलोमीटर उतार उतरायला लागलो. मधल्या थांब्यापर्यंत तिला चारदा बसावं लागायचं. एका गुरुवारी ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती, साडेसात वाजून गेले होते, आणि खालून निळी बस आली. अर्जवालीच होती, गाडी मंडईकडे वळवायला आलेली. मी हात केला. तिनं आम्हाला घेतलं. ताई तिच्या मागच्या सीटवर बसली आणि तिच्या मानेकडे बघून म्हणाली, "तू सहा दहावाल्यांची मुलगी ना? आधी तिकिटं फाडायचीस, मग तूच चालवायला लागलीस."

"हो."

"ते वर येऊन इंजिन बंद करायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. आमच्या आळीत त्यांच्यावर घड्याळं लावायचे लोक."

"अट होती, बाई. त्यांना यावंच लागायचं."

"असेल. आम्हाला कुठे माहीत होतं अट आहे ते?" ताई म्हणाली. "आम्हाला वाटायचं, माणूस चांगला आहे."

हॉस्पिटलपर्यंत तिनं एकदाही मागे बघितलं नाही, आणि उतरताना माझ्याकडून भाडं घेतलं ते न बघताच घेतलं. त्या दिवशी ताईला मशीनवर अडीच तास मिळाले.

शनिवारी सहा वाजता आम्ही दार ओढून निघालो तर वरच्या थांब्यावर निळी बस उभी. इंजिन बंद. ती स्टिअरिंगवर हात ठेवून मनगटाकडे बघत होती. सहा दहा झाले आणि ती सुटली. आम्ही धरून चार माणसं होतो.

त्या दिवसापासून तिला अर्जवाली कोणी म्हणेना. स्टँडवर नाव पडलं, सहा-दहा. आधी टिंगल म्हणूनच पडलं. "सहा-दहा आली, हवा भरून आली," असं ओरडायचे. त्यात सगळ्यांच्या पुढे असायचा तो फुल्ल. गाडी फुल्ल झाल्याशिवाय हलायची नाही, हे त्याचं तत्त्व, म्हणून त्याला फुल्ल. माणूस दिलदार, चहा पाजणारा, पण सीट रिकामी दिसली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. त्यानं एक युक्ती काढली. सहा-दहा वरून निघते, तिसऱ्या थांब्यावर तिला नर्सेस, लाँड्रीतल्या बायका, शाळेचे शिपाई मिळतात. फुल्ल वर जायचाच नाही. तिच्या आधीच तिसऱ्या थांब्यावर उभा राहून तो सगळी माणसं उचलायचा. ती चढावरून रिकामी यायची, तिसऱ्या थांब्यावरून रिकामी जायची. इतरांनी बघितलं आणि तेही शिकले.

आणि मी काय केलं, ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहून उपयोग नाही. एका मंगळवारी थंडी होती, ताईला वर उभं राहवत नव्हतं, म्हणून कामावर निघालेल्या शेजाऱ्याच्या गाडीनं आम्ही सहाच्या आधीच तिसऱ्या थांब्यापर्यंत उतरलो, तिथून त्याची वाट वेगळी. समोर फुल्लची गाडी उभी. अर्धी भरलेली, उबदार. "या काका, लगेच निघतोय," तो म्हणाला. मला वाटलं, गाडी ती गाडी. मी ताईला आत बसवलं.

लगेच म्हणजे बावीस मिनिटं. तो पायरीवर उभा राहून "चला मंडई, चला हॉस्पिटल, दोनच सीट" असं ओरडत होता. मी तीनदा बोललो. "काका, चार माणसं आली की सोडतो. रिकामी नेऊन मला परवडेल का, तुम्हीच सांगा." ताई डोळे मिटून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. इतक्यात निळी बस आली. तिनं काचेतून आम्हाला बघितलं. मला त्या क्षणी सीटखाली शिरावंसं वाटलं. तिनं गाडी थांबवली, उतरली, आत आली आणि ताईच्या काखेत हात घालून म्हणाली, "चला बाई, आपली वेळ झाली." मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या दुपारी तिनं स्टँडवरच्या सगळ्या चालकांना टायरवाल्याच्या शेडमध्ये बोलावलं. मी जेवणाच्या सुट्टीत दाराशी उभा राहून ऐकलं. ती म्हणाली, "आपण एकमेकांच्या पुढे पळतोय आणि माणसं थांब्यावर बसलीत. पाळ्या लावू. प्रत्येकाची वेळ ठरलेली. वरून निघायचं, भरो न भरो, कोणी कोणाच्या पुढे काढायचं नाही."

फुल्ल म्हणाला, "बाई, हे तर जुनं वेळापत्रक. तुम्हीच त्याला शिव्या घालायचात."

"घालायचे. चुकत होते. सगळंच वाईट समजत होते मी."

तासभर वादावादी झाली, आणि पाळ्या लागल्या. पाच आठवडे घड्याळासारखं चाललं. मग आमच्या कार्यालयात एक तक्रार आली.

आता कार्यालय म्हणजे पाचातल्या चार खिडक्या बंद, तिसरी चालू, आणि वर नवी पाटी: स्पर्धा कक्ष. कायद्यानं व्यावसायिकांनी मिळून वेळा आणि भाडी ठरवणं म्हणजे संगनमत, आणि संगनमताला बंदी. कायद्यामागचा हेतू चांगला. चाळीस घरांनी पुन्हा शहर वाटून घेऊ नये म्हणून तो केलेला. तक्रार करणारा कोण, तर त्याच चाळिसातला एक मालक. जन्मभर जो बाकीच्या एकोणचाळीस जणांशी ठरवून जगला, त्याला आता चालकांनी आपसात ठरवलेलं खुपत होतं. साहेब म्हणाले, "तक्रार कोणाची ते बघायचं नसतं, तक्रार काय ते बघायचं." तेही खरं होतं. मी नोटीस टाइप केली. उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की. माझ्याच बोटांनी मी ताईची गाडी पुसून टाकत होतो, आणि बोटं थांबली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ती खिडकीशी आली. नोटीस भोकातून आत सरकवली.

"अकरा वर्षं सांगितलंत, एकटीनं गाडी लावू नको. आता सांगता, सगळ्यांनी मिळून लावू नका."

"बाई, मी फक्त…"

"तुम्ही फक्त टाइप करता. माहितीय." तिनं काचेवर बोट ठेवलं. "मला एकच सांगा. हे कोणाशी न बोलता, माझं मी ठरवलं, तर चालतं?"

मी नोटीस पुन्हा वाचली. कायद्याचं पुस्तक काढलं, संगनमताची दोन्ही कलमं वाचली. तिला घाई नव्हती. मागे माणसं चुळबुळत होती. शेवटी मी म्हटलं, "स्वतःपुरतं काहीही ठरवायला बंदी नाही. एकट्यानं दिलेल्या शब्दाला कायदा अडवत नाही."

"लिहून द्याल?"

नोकरीत पहिल्यांदा मी साहेबांना न विचारता कागदावर काही लिहिलं आणि खाली सही केली. ते सहा दहाच्या गाडीसाठी होतं, माझ्या ताईसाठी होतं, आणि लाजेपायीही होतं. लिहिलेलं मात्र अक्षर न् अक्षर कायद्यात होतं.

पाळ्या त्या दिवशी मोडल्या. तिनं एक डबा पांढरा रंग आणला आणि आपल्या गाडीच्या दारावर लिहिलं: 'रोज सकाळी ६.१०, वरच्या वस्तीवरून. रिकामी असली तरी.' खाली दिवसभराच्या बाकी फेऱ्यांच्या वेळा. हिशोब चुकून एक वेळ खोडावी लागली, तो पांढरा डाग अजून आहे.

पुढचे सात आठवडे तिचे हाल झाले. फुल्ल आणि मंडळी पुन्हा तिसऱ्या थांब्यावर तिच्या पुढे काढायला लागली. ती रिकामी चढायची, जवळपास रिकामी उतरायची. दुपारी शाळांच्या फेऱ्या करून गाडी जिवंत ठेवायची. एकदा चढावर क्लचची वायर तुटली. सहा दहाला आम्ही थांब्यावर उभे होतो आणि ती धापा टाकत चालत वर आली. "आज गाडी नाही," म्हणाली. "खाली बंद पडलीय. पण सांगायला वेळेवर आलेय." मागून दुधाची व्हॅन येत होती. तिनं ती हात करून थांबवली आणि ताईला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवून दिलं. त्या दिवशी पूर्ण चार तास मिळाले. मी तिला म्हटलं, "किती दिवस करणार असं?" ती हाताचं ग्रीस पुसत म्हणाली, "अकरा वर्षं अर्ज केलाय, साहेब. मला तुम्ही दिवस मोजायला सांगू नका."

बदल झाला तो तिसऱ्या थांब्यावर, आणि डायलिसिस नसलेल्या एका सकाळी लवकर खाली उतरलो तेव्हा मी तो डोळ्यांनी बघितला. फुल्लची गाडी उभी होती, तो ओरडत होता, आणि नर्सेस चढत नव्हत्या. लाँड्रीतल्या बायकाही नाहीत. "चला की," तो म्हणाला. एक बाई म्हणाली, "तुमच्या दारावर वेळ कुठे लिहिलीय? तुम्ही कधी निघणार ते तुम्हालाच माहीत नाही. ती चार मिनिटांत येईल." फुल्लनं खरोखरच आपल्या दाराकडे वळून बघितलं. चार मिनिटांनी निळी बस आली आणि भरून गेली. फुल्ल रिकाम्या गाडीत बसून राहिला. घरी आल्यावर ताईला सांगितलं, तर ती उशीवर मान टेकून म्हणाली, "उठला वाटतं बाजार."

त्यानंतर एकेका गाडीवर पांढरा रंग दिसायला लागला. ६.३०. ६.४०. ६.५०. फुल्लनं सगळ्यांत शेवटी लिहिलं, वाकड्या अक्षरांत: '६.२०, वरून. भरो न भरो.' त्या जुन्या मालकानं पुन्हा तक्रार ठोकली, की हे तेच संगनमत, नुसतं रंगवलेलं. साहेबांनी मला चौकशीला पाठवलं. मी सहाच्या आधीच वर होतो, मला कुठे लांब जायचं होतं? ताईला सहा दहाला निळ्या बसमध्ये बसवून मी मागे थांबलो. फुल्लच्या गाडीत तीन माणसं होती. तो सीटवर बसून बोटं मोडत होता, पाच रिकाम्या रांगा आरशात बघत होता आणि त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"ही वेळ कोणाशी बोलून ठरवलीत?" मी वही उघडून विचारलं.

"माझी मी ठरवली. मला लहानपणापासून सहा वीस आवडतं."

मी ते तसंच लिहून घेतलं. पुढे दिवसभरात तिसाहून जास्त चालकांना विचारलं. कोणी कोणाशी बोललं नव्हतं, कोणाचं भाडं दुसऱ्याशी जुळत नव्हतं, नवीन गाडी लावायला कोणी कोणाला अडवत नव्हतं. त्या सकाळी सहा वीसला फुल्लनं एक खोल श्वास घेतला आणि तीन माणसं घेऊन निघाला.

अहवालात सगळं लिहिलं. शेवटी एक रकाना होता: मार्गावरील सेवेबाबत अभिप्राय. साहेब म्हणाले, तुम्हीच भरा, तुम्ही रोज जाता. मी तळचा खण उघडला. शिक्का तिथेच होता, धूळ खात. शाईची गादी सुकली होती, तिच्यावर पेल्यातलं थोडं पाणी शिंपडलं. साहेबांनी सही केली तेव्हा ती काचेपलीकडे उभी होती, आपली प्रत न्यायला. मी कागद भोकातून सरकवला. तिनं तो वरपासून वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबली: 'सदर मार्गावर प्रवासी सेवा पुरेशी आहे.'

"हा तोच शिक्का."

"तोच."

"मारायच्या आधी डावीकडे बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं. "बघून मारला."

तिनं डावीकडे स्वतःच एकदा बघितलं. स्टँडवर सात-आठ माणसं होती, एक गाडी भरत होती, दुसरी अर्धी रिकामी निघाली होती. तिनं कागदाची नीट घडी घातली, पिशवीत टाकली आणि मनगटाकडे नजर टाकली. दारावरची पुढची वेळ बारा चाळीसची होती. ती निळ्या बसकडे चालू लागली.